सूर्याला कितीने गुणलं की ॐ ऐकू येतो?

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामाने एक क्लिप टाकली. तुमच्याकडेही ती कधी ना कधी आली असणारच. नारिंगी सूर्य हळूहळू फिरतोय, मागे घुमल्यासारखा ॐकार चालू आहे, आणि खाली लिहिलंय की नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो ॐ निघाला. खाली नेहमीप्रमाणे पंचवीस हात जोडलेले.

आजीने ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिने मला फोन केला. आजी एकोणऐंशी वर्षांची आहे, गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवते, आणि माझी पीएच.डी. नक्की कशात आहे हे विचारणारी घरातली एकटीच व्यक्ती. "तू यातलीच ना गं? मग सांग, हे खरं का?"

मी म्हटलं, "खोटं आहे आजी." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर दिवसभर मला चैन पडेना. एक तर ते "बरं" फार बारीक आवाजात होतं. आणि दुसरं म्हणजे मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. माझा अख्खा विषय या एका क्लिपभोवती फिरतो आणि मी तो तीन शब्दांत उडवून लावला. म्हणून हा लेख. तिला वाचून दाखवायचा म्हणून लिहायला घेतला, मग वाटलं तुम्हालाही सांगावा.

नव्याने आलेल्यांसाठी: मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता विज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी. करतेय. विषय आहे सॉनिफिकेशन, म्हणजे मोजलेल्या आकड्यांचा आवाज करणं. आपण आकड्यांचा आलेख काढतो, तसंच त्यांचं गाणंही करता येतं. हे लोक कधीपासून करतायत, का करतायत, आणि त्यात ठरवतं कोण, हे मी शोधते.

आधी क्लिपबद्दल. त्यातला ॐकार कुणीतरी वरून चिकटवलेला आहे, हे नक्की. पण सूर्याच्या आवाजाची गोष्ट निखालस थाप नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण दर पाच मिनिटांनी वर-खाली होतो. आत ध्वनिलहरी कोंडल्या गेल्यात, त्यामुळे तो घंटेसारखा थरथरत असतो. १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो या यानाने ही थरथर बारकाईने मोजली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अलेक्झांडर कोसोविचेव्ह यांनी त्यातल्या चाळीस दिवसांच्या नोंदी घेतल्या, काही निवडक कंपनं ठेवून बाकीची गाळली, आणि उरलं ते ४२,००० पट वेगाने वाजवलं. घुमणारा खर्ज मिळाला.

आता हा ४२,००० आकडा बघा. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. तेवढ्यात एक कंपन. त्याला ४२,००० ने गुणलं की सेकंदाला साधारण १४० कंपनं होतात. पेटीवर ही जवळपास काळी एक. आपल्याकडे पुरुष गायक सर्रास ज्या पट्टीत गातात तीच! म्हणजे कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतोय असं वाटलं तर नवल नाही. ४२,००० च्या जागी ८४,००० घेतले असते तर तोच सूर्य एक सप्तक वर गेला असता. दहा लाख घेतले असते तर शिट्टी ऐकू आली असती आणि कुणालाच हात जोडावेसे वाटले नसते. कंपन सूर्याचं, पट्टी माणसाची.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी एका तालुक्याच्या पावसाच्या नोंदींचं संगीत केलं होतं. जास्त पाऊस म्हणजे वरचा स्वर, कमी पाऊस म्हणजे खालचा. आणि ऐकायला बरं वाटावं म्हणून प्रत्येक आकडा भूप रागाच्या जवळच्या स्वरावर नेऊन बसवला. सादरीकरणात वर्ग खूश. टाळ्या बिळ्या. शेवटच्या बाकावर बसलेले एक सर म्हणाले, "छान. आता याच पद्धतीने यादृच्छिक आकडे वाजव. फासे टाकून येतात तसले." मी तिथल्या तिथे वाजवले. तेही तितकंच छान वाजलं! कारण भूपात पाच स्वर, त्यातला कुठलाही कशाही नंतर आला तरी कानाला खुपत नाही. लोकांनी टाळ्या पावसाला वाजवल्या नव्हत्या, भूपाला वाजवल्या होत्या. त्या दिवशी खाली मान घालून बसले होते, पण पीएच.डी.चा विषय तिथेच मिळाला.

तर आजीचा प्रश्न, की आकाशात देवाचं गाणं चालू आहे का, हा काही व्हॉट्सअ‍ॅपने काढलेला नाही. ग्रहांच्या गतीत संगीत आहे ही कल्पना ग्रीकांपासूनची, पायथागोरसच्या नावावर सांगितली जाणारी. पण ते गाणं प्रत्यक्ष मोजमाप घेऊन, आकडे मांडून, स्वरलिपीत उतरवण्याचा खटाटोप ज्याने केला तो माणूस म्हणजे योहानेस केपलर. शाळेत आपण त्याचे तीन नियम पाठ करतो. त्यातला तिसरा नियम गाण्याच्या पुस्तकात सापडतो, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

केपलरला व्हायचं होतं धर्मोपदेशक. ट्युबिंगेनला धर्मशास्त्र शिकत होता. १५९४ मध्ये ग्राझ इथल्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि त्याला तिकडे पाठवलं. आधी खट्टू झाला, पण वर्षभरात त्याने आपल्या गुरूंना कळवलं की आता खगोलशास्त्रातूनही देवाचीच स्तुती होतेय. हे वाक्य तो सभ्यपणा म्हणून लिहीत नव्हता. त्याची श्रद्धा होती की देवाने विश्व भूमितीने रचलंय आणि माणसाला ती भूमिती ओळखता येईल असं मन दिलंय. त्यामुळे आकडेमोड ही त्याच्यासाठी एक प्रकारची उपासनाच होती.

उपासनेचा तो सोयीचा भाग. गैरसोयीचा असा की देवाने केलेलं विश्व ढोबळ असू शकत नाही, म्हणून आपलं गणितही ढोबळ चालणार नाही. मंगळाच्या कक्षेवर त्याने काही वर्षं घालवली. वर्तुळाकार कक्षा धरून केलेलं गणित टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी जवळजवळ जुळलं. फरक राहिला ८ कलांचा. पंचांग बघणाऱ्यांना कला माहीत असते: एका अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्र दिसतो साधारण ३० कलांचा, म्हणजे हा फरक चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. केपलरचं म्हणणं असं की देवाने टायकोसारखा काटेकोर निरीक्षक आपल्याला दिला, तर त्या ८ कला दुर्लक्षित करणं म्हणजे कृतघ्नपणा. त्याने सगळं पाडून पुन्हा सुरू केलं आणि १६०९ च्या पुस्तकात वर्तुळ गेलं, लंबवर्तुळ आलं.

मला ही गोष्ट फार आवडते. पण फक्त इथपर्यंत सांगितली तर ती शाळेतल्या भाषणाची गोष्ट होते. पुढचं जरा गुंतागुंतीचं आहे.

लंबवर्तुळ आलं तशी ग्रहाची गतीही एकसारखी राहिली नाही. सूर्याजवळ आला की ग्रह वेगात, दूर गेला की संथ. आता समजा तुम्ही सूर्यात उभे आहात आणि तिथून ग्रहाकडे बघताय. एका दिवसात तो आकाशात किती सरकला? दूर असताना कमी, जवळ असताना जास्त. केपलरने प्रत्येक ग्रहासाठी हे दोन आकडे काढले आणि त्यांचं गुणोत्तर बघितलं. स्वरांचंही असंच असतं. सा आणि पंचम यांच्या कंपनांचं गुणोत्तर २:३. सा आणि शुद्ध गंधार ४:५. सा आणि कोमल गंधार ५:६. तंबोरा लावणाऱ्याचा कान हीच गुणोत्तरं धरतो, त्याला आकडे माहीत असोत नसोत.

शनी: दूर असताना दिवसाला १ कला ४६ विकला, जवळ असताना २ कला १५ विकला. जवळपास ४:५, म्हणजे सा ते शुद्ध गंधार. गुरू सा ते कोमल गंधार. मंगळ सा ते पंचम. बुधाची कक्षा सगळ्यांत लांबुडकी, म्हणून त्याची उडी सप्तक ओलांडून वरच्या कोमल गंधारापर्यंत. शुक्राची कक्षा जवळजवळ गोल, म्हणून तो एकाच स्वरावर बसून, किंचित हलणारा. आणि पृथ्वी १५:१६. आपल्या सरगमात शुद्ध ग ते शुद्ध म एवढंच अंतर. पृथ्वी वर्षभर गाते ग म ग, ग म ग. युरोपीय सरगमात हे होतात मि फा मि. केपलरने त्यावर कोटी केली: मि म्हणजे मिझेरिया, दैन्य. फा म्हणजे फामेस, भूक. आपल्या या घरात दैन्य आणि भूकच आहे म्हणून पृथ्वी तसं गाते!

कोटी करणाऱ्या माणसाचं घर तेव्हा कसं होतं बघा. लिंझमध्ये राहत होता. १६१२ पासून तिथल्या लुथरपंथी पाळकाने त्याला प्रभुभोजनाला बसू देणं बंद केलं होतं, कारण पंथाच्या एका मतावर तो डोळे मिटून सही करायला तयार नव्हता. ज्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं तो चर्चच्या पंगतीबाहेर. १६१५ पासून गावाकडे त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप. शेजारणीचं म्हणणं, हिने दिलेलं पेय प्यायले आणि आजारी पडले. १६१८ च्या फेब्रुवारीत त्याची लहान मुलगी वारली. त्या दु:खात बाकीचं काम हातून होईना, म्हणून त्याने हे संगीताचं पुस्तक हातात घेतलं. ८ मार्चला एक नियम डोक्यात आला, हिशेबात चूक झाली म्हणून टाकून दिला. १५ मे रोजी तोच पुन्हा आला आणि या वेळी जुळला: ग्रहाच्या फेरीच्या काळाचा वर्ग आणि सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन यांचं प्रमाण सगळ्या ग्रहांसाठी एकच. हा तिसरा नियम. २३ मे रोजी प्रागमध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं गेलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. २७ मे रोजी केपलरने पुस्तक पुरं केलं. १६१९ मध्ये ते छापून आलं, नाव 'हार्मोनिसेस मुंडी', विश्वाचा स्वरमेळ. त्यानंतर वर्षभरात आईला अटक झाली. ती चौदा महिने कैदेत होती, तिला छळाची हत्यारं दाखवून घाबरवलं गेलं. केपलर स्वतः जाऊन तिच्या बाजूने लढला, ती सुटली, आणि सहा महिन्यांत गेली.

हे सगळं वाचलं की वाटतं, बिचाऱ्याला देवाचं गाणं ऐकू आलं तर येऊ दे. मलाही वाटतं. पण मंगळ मध्ये येतो.

मंगळाचे आकडे केपलरने स्वतःच दिलेत: २६ कला १४ विकला आणि ३८ कला १ विकला. याचं गुणोत्तर काढा, ०.६९ येतं. पंचमासाठी हवं ०.६७. मग तो काय करतो, पहिल्या आकड्याशेजारी २५ कला २१ विकला असा आकडा मांडतो. तो धरला की २:३ बरोब्बर बसतं. ५३ विकला पदरच्या घातल्या! आजच्या मोजमापाने मी स्वतः गणित करून बघितलं तर मंगळाचं गुणोत्तर ०.६८८ येतं. पेटीवर हा स्वर नाहीच, तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या जवळपास मधोमध पडतो. आजीच्या भाषेत, मंगळ बेसूर आहे. पृथ्वी मात्र आश्चर्यकारकरीत्या जुळते. १५:१६ म्हणजे ०.९३७५, आणि आजचं मोजमाप ०.९३५.

केपलरच्या बाजूने सांगायचं तर, ५३ विकला आणि पूर्वीच्या ८ कला ही वेगळ्या राशींची तुलना आहे, ती जरा अन्यायाची होते. शिवाय त्याने मोजलेला आकडा लपवला नाही, दोन्ही शेजारी शेजारी छापले. वाचणाऱ्याला फरक दिसतो. माझ्या पावसाच्या प्रोजेक्टमध्ये तो दिसत नव्हता, कारण मूळ आकडे मी कुणाला ऐकवलेच नव्हते. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपमध्ये तर मूळ असं काही ठेवलेलंच नाही. माझ्या मते या तिघांतला फरक श्रद्धेचा नाहीच. श्रद्धा केपलरची सगळ्यांत मोठी होती. फरक इतकाच की आकड्याला "नाही" म्हणायला जागा ठेवली की नाही.

अजून एक. हे गाणं कानाने ऐकू येत नाही, असं केपलर स्पष्ट सांगतो. आकाशात आवाज नाही. हा स्वरमेळ बुद्धीने ओळखायचा. आणि तो फक्त सूर्यात बसलेल्यालाच सरळ ओळखता येईल, म्हणून पुस्तकाच्या शेवटी तो विचार करत राहतो की तिथे कुणाचं मन वस्तीला असेल का. श्रोत्याची जागा त्याने आखून ठेवली आणि ती रिकामी सोडली.

पुढची साडेतीनशे वर्षं हे गाणं कागदावरच राहिलं. मग १९५७ साल उजाडलं. त्या वर्षी तीन गोष्टी झाल्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या. म्युनिकमध्ये पॉल हिंडेमिथ या संगीतकाराचा केपलरच्या आयुष्यावरचा ऑपेरा रंगमंचावर आला. सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला, आणि त्याचं टुक-टुक लोकांनी घरच्या रेडिओवर ऐकलं. आणि अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी कॉम्प्युटरकडून संगीत वाजवून घेणारा प्रोग्राम लिहिला. बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. माणसाचा आवाज आकड्यांत रूपांतरित करून तारेवरून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा आवाज करायचा, हा त्यांचा धंदा. आकड्यांपासून आवाज होतो म्हटल्यावर माणसाचाच कशाला, कुठलाही आवाज होईल, हे मॅथ्यूज यांच्या लक्षात आलं.

१९७०च्या सुमारास मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी तिथे ग्रूव्ह नावाची यंत्रणा उभी केली. कॉम्प्युटर स्वतः आवाज काढत नसे, तेवढी त्याची ताकद नव्हती. तो फक्त कमी-जास्त होणारं व्होल्टेज पाठवायचा आणि ऑसिलेटर त्याप्रमाणे वर-खाली वाजायचे. यातली मोलाची गोष्ट ही की ग्रूव्हमध्ये स्वर साठवत नसत. काळाबरोबर बदलणारी रेषा साठवत, आपण आलेखात काढतो तशी. ही रेषा स्वराची पट्टी सांभाळते की आवाजाचा जोर की आणखी काही, हे वाजवणाऱ्याने ठरवायचं.

१९७३ पासून तिथे लॉरी स्पीगेल काम करू लागल्या. ल्यूट आणि बँजोसारखी तारवाद्यं वाजवणाऱ्या, तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. माझ्याएवढ्याच, हे लिहिताना जरा पोटात कालवतं. केपलरच्या पुस्तकात त्यांना काय दिसलं असेल ते ग्रूव्ह समजलं की लगेच कळतं. ग्रहाची गती म्हणजे काळाबरोबर बदलणारी रेषाच की. सहा ग्रह, सहा रेषा, सहा ऑसिलेटर. केपलरला कागदावर स्वरलिपी वापरावी लागली, म्हणून त्याचे ग्रह पायऱ्या चढतात: ग, मग म. स्पीगेल यांच्या यंत्रात पायऱ्याच नाहीत. ग्रह घसरत वर जातो, घसरत खाली येतो, सलग मींड. यंत्राला पंचमावर थांबायची ओढ नसते, म्हणून मंगळालाही पंचमावर उतरायची सक्ती नाही.

ऐकायला कसं आहे? खरं सांगू, पहिल्यांदा ऐकाल तर बंद कराल. सहा भोंगे एकमेकांत गुंतलेत असं वाटतं. बुध वरती किरकिरतो, शनी आणि गुरू खाली घरघरतात. मीही पहिल्यांदा बंदच केलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी डोळे मिटून एकेक ग्रह धरायला लागले, तेव्हा कुठे कान बसला.

१९७७ मध्ये स्पीगेल यांना फोन आला की नासा तुमचं संगीत परग्रहवासीयांसाठी पाठवू इच्छिते. त्यांना वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. खरं असेल तर नासाच्या लेटरहेडवर लिहून पाठवा, म्हणाल्या. फोन खरा होता. व्हॉयेजर १ आणि २ या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवायची होती, कार्ल सेगन यांची समिती ती तयार करत होती.

या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत हे मराठी वाचकांना सांगायला नकोच. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, साडेतीन मिनिटांची भैरवी. सत्तावीस रचनांत पंचविसावी, मैफलीच्या शेवटाकडे, जिथे भैरवी शोभते तिथेच. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. हे दोन दिनांक शेजारी ठेवून मी पुढे जाते, कारण त्यावर आजवर बरंच हळवं लिहून झालंय.

मला रस आहे तो या सत्तावीसमध्ये काय नाही यात. इलेक्ट्रॉनिक संगीत एकही नाही. मग स्पीगेल यांचे ग्रह कुठे गेले? तबकडीवर एक वेगळा विभाग आहे, 'पृथ्वीचे आवाज', सुमारे बारा मिनिटांचा. त्यात हे पहिलंच. त्यानंतर ज्वालामुखी, भूकंप, ढगांचा गडगडाट, पाऊस, बेडूक, पक्षी, हसणं, आगगाडी, आईचं बाळाशी बोलणं. म्हणजे समितीने त्याला गाणं म्हटलंच नाही, आवाजात घातलं. वर पहिला मान दिला! आणि विभागाच्या शेवटाकडे काय? समितीतल्या अ‍ॅन ड्रुयन यांच्या मेंदूच्या आणि शरीराच्या विद्युतलहरी. तासभराची नोंद, मिनिटभरात दाबून बसवलेली. तेही सॉनिफिकेशनच. सुरुवातीला ग्रहांचे आकडे, शेवटाकडे एका माणसाच्या आतले आकडे, मध्ये बाकी सगळा संसार. असं मुद्दाम केलं की आपोआप झालं, हा माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला वादाचा मुद्दा आहे, इथे तो काढत नाही.

आणि मग जे झालं ते इतकं जुळून आलंय की प्रबंधात लिहिताना मला संकोच वाटतो. व्हॉयेजर १ सूर्याच्या वाऱ्याच्या बुडबुड्यातून बाहेर पडलं का, हे ठरवायचं होतं. बाहेरच्या अंतराळात वायूचे विद्युतभारित कण बुडबुड्याच्या कडेपेक्षा बरेच दाट असणार होते. दाटपणा सरळ मोजणारं उपकरण १९८० मध्येच बंद पडलेलं. पण आयोवा विद्यापीठाच्या डॉन गर्नेट यांचं दुसरं एक उपकरण चालू होतं, ते विद्युतलहरी टिपायचं. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांचा धक्का तेरा महिन्यांनी यानापर्यंत पोचला आणि भोवतालचे इलेक्ट्रॉन डोलायला लागले. किती वेगाने डोलतात ते दाटपणावर ठरतं: जितके दाट तितका वरचा स्वर. मिळाला सेकंदाला सुमारे २,६०० कंपनांचा. त्यावरून दाटपणा निघाला आधीच्या सुमारे चाळीस पट. यान बाहेर पडलेलं होतं, मागे जाऊन बघता २५ ऑगस्ट २०१२ लाच. सप्टेंबर २०१३ मध्ये हे जाहीर करताना नासाने ती शिट्टी सगळ्यांना ऐकवली.

इथे एक गंमत लक्षात घ्या. २,६०० हा आकडा माणसाच्या कानाच्या टप्प्यातच येतो. कित्येक दिवसांच्या नोंदी काही सेकंदांत बसवल्या, पण स्वराची पट्टी बदलली नाही. कितीने गुणलं? एकने. केपलर आणि केसरबाई घेऊन निघालेलं यान आज आपल्यापासून सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. ते सूर्यापासून दूर गेलं आणि केपलरची श्रोत्याची जागा होती सूर्यात, म्हणजे बरोबर उलट दिशेला. तिथे कुणाचं मन वस्तीला आहे का, यावर माझ्याकडे काही सांगण्यासारखं नाही.

तर मे महिन्यात गावी गेले तेव्हा आजीला बसवून हे सगळं सांगितलं. आधी माझ्या "खोटं आहे"बद्दल माफी मागितली. मग लॅपटॉपवर स्पीगेल यांचे ग्रह लावले. मिनिटभर ऐकून म्हणाली, "हे काय गं, गिरणीचे भोंगे." मी पेटी ओढली आणि एकेका ग्रहाचा स्वर दाखवला. शनी, गुरू. मंगळापाशी तिने बोट पंचमावर ठेवलं, मग तीव्र मध्यमावर, आणि म्हणाली, "हा पेटीत नाही, गळ्यात मिळेल." पृथ्वीचे ग म ग ती बराच वेळ धरून बसली होती. दैन्य आणि भुकेची कोटी सांगितली तर हसली नाही. केपलरची मुलगी किती वर्षांची होती, एवढंच विचारलं.

"मग यात ॐ नाही?"

"नाही आजी."

"बरं," म्हणाली. या वेळचं "बरं" नेहमीच्या आवाजात होतं. संध्याकाळी मंडळाच्या भजनाला गेली, मलाही नेलं, टाळ हातात दिले.

गेल्या आठवड्यात मामाने नवीन क्लिप टाकली, शनीच्या कड्यांमधून येणारा शंखनाद. नेहमीचे हात जोडून झाले. रात्री साडेनऊला आजीचा मेसेज आला, बहुतेक तिने ग्रुपवर स्वतः टाइप केलेला पहिलाच: "कितीने गुणलंय?"

मामाने अजून उत्तर दिलेलं नाही.